जूचंद्रच्या खाडीतली वाळलेली तिवरं

झाडं उभी होती, पण पान एकावरही नव्हतं. ढगाळ उजेडात त्या करड्या फांद्या इतक्या शांत होत्या, की मी क्षणभर कामच विसरले. जूचंद्रच्या खाडीजवळ एका बिल्डरचा प्लॉट. मी वनस्पतितज्ज्ञ. इथली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, कशाने मेली, याचा रिपोर्ट हवा होता. रोगाने मेली म्हटलं, की भराव टाकायला मोकळीक.

कुऱ्हाडीचा घाव नव्हता. सालीवर बुरशी होती. नव्या रस्त्यापलीकडची तिवरं हिरवी होती. पण पाणी दोन्हीकडे नव्हतं, म्हणून पाण्याचा संशयच आला नाही. ‘रोगाची शक्यता’ लिहून मी सही केली. आमच्या फर्मच्या सरांनी तो लगेच मेल केला.

निघताना रघुनाथकाका भेटले. आयुष्य मिठागरात गेलेलं. आता ह्याच तिवरांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडून पोट भरतात.

"बाय, आज कशाला आलीस? आज आठम."

"साइट व्हिजिट शनिवारी असते, काका."

"खाडी शनवार बघते काय? पुनवेला ये, दुपारची. मंग बघ पानी कुठं अडतं."

अष्टमीला भरती कमी चढते, पौर्णिमेला उधाण येतं. परीक्षेत मला हे पाठ होतं. कॅलेंडरात मात्र मी फक्त सुट्ट्या बघायचे.

पौर्णिमेला रजा टाकून गेले. पाणी आवाज न करता आलं. चिखलातून वर आलेली बोटभर श्वासमुळं एकेक करून बुडाली. सगळीकडे आभाळच पसरल्यासारखं वाटलं. तिथून हलावंसं वाटेना. मग पाणी रस्त्याच्या भरावाला टेकलं आणि थांबलं. प्लॉटच्या बाजूला कोरडं ठाक. भरावाखालचा पाइप बांधकामाच्या डेब्रिजने बुजलेला. उधाणाचं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन नेतं. ते अडल्यामुळे मीठ साचलं, मुळांना पाणी ओढता येईना आणि झाडं तहानेने मेली.

"सर, रोग नाही. पाणी अडलंय. रिपोर्ट बदलते."

"तो गेला की. आता कशाला?"

तरी मी नवा लिहिला. सरांनी कुरकुरत पाठवला. पाइप साफ झाला, रस्त्यालगतच्या, अजून जीव धरून असलेल्या थोड्या तिवरांना पालवी फुटली. तोवर मागच्या अर्ध्या प्लॉटवर माती पडली होती. मंजुरीच्या फाईलला माझा पहिलाच रिपोर्ट लावलेला.

काका उरलेल्या चिखलात उतरून चिंबोऱ्या शोधत राहिले. मला फार लाज वाटली.

आता मी साइटची तारीख तिथी बघून ठरवते. सर म्हणतात, अंधश्रद्धा.