एका कडकडीत भांडणासाठी

चिमीनं पन्नाशी ओलांडली तरी ती चिमीच राहिली, कारण हे नाव ताईनं ठेवलं होतं आणि ताईनं ठेवलेली वस्तू जागची हलवायची कुणाची छाती नव्हती. दोघी बहिणी कळायला लागल्यापासून भांडत आलेल्या. आधी खिडकीजवळच्या जागेवरून, मग कंगव्यावरून, मग आईचा स्वभाव कुणात उतरलाय यावरून, आणि मोठेपणी टीव्हीवरच्या मालिकांवरून. मालिकेवरून त्यांची अशी काही जुंपायची की भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, टीव्हीचा आवाज बंद करून या दोघींचंच ऐकत बसायचे. म्हणायचे, संवाद यांचेच बरे आहेत.

अशा घरात गेलं वर्षभर कुणाचा आवाज चढला नव्हता. त्यानं चिमीला जीव नकोसा झाला होता. तिला आता आयुष्याकडून फार काही नको होतं. ताईनं एकदा, फक्त एकदा, आपल्याशी पूर्वीसारखं कडकडून भांडावं, एवढंच हवं होतं.

झालं होतं असं. चिमी कपडे धुण्याची मशिनं विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या टेबलावर होती. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर, आणि तोंडात एकच वाक्य : आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सगळं तारुण्य या एका वाक्यात गेलं. लोक तिच्यावर मनसोक्त तोंडसुख घ्यायचे आणि ही साखरेत घोळून उत्तरं द्यायची. एका सोमवारी तिनं पहिला फोन उचलला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मशीन नुसतं गुरगुरतं, फिरत नाही. चिमी म्हणाली, "तुमचं अगदी बरोबर आहे. उद्या नवीन पाठवते." पुढच्या माणसालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ज्याचा म्हणून फोन आला त्याला नवं कोरं मशीन कबूल झालं. एक गृहस्थ तर चुकून दुसराच नंबर लावून बसले होते, तेही सुटले नाहीत. बातमी वरपर्यंत गेली आणि साहेब धापा टाकत खाली आले, तेव्हा चिमी टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिला बाहेर यायचं नव्हतं, आणि का ते सांगताही येत नव्हतं.

हा भाग सांगताना लोक हसतात, चिमी स्वतःही हसते. त्यानंतरचे महिने मात्र हसण्यासारखे नव्हते. केस विंचरायचे म्हटलं तरी हात उचलत नसे. भिंतीकडे तोंड करून ती पडून राही आणि भिंतीचा रंग कोणता ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ताई आली, तिनं चिमीचे कपडे एका पिशवीत कोंबले आणि एक शब्द न बोलता तिला आपल्या घरी घेऊन गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, रोज बागेपर्यंत चालणं झालं. हळूहळू जेवणाला चव आली, मग भूक आली, आणि एके दिवशी शेजाऱ्यांच्या रेडिओची कटकट वाटायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की आता काळजी नाही.

बागेच्या वाटेवर एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. 'शिकवायला बाई पाहिजेत' अशी पाटी बघून चिमी आत शिरली. गाडी तिला उत्तम चालवता यायची. मालकांनी विचारलं, "आणखी काय येतं?"

"समोरचा माणूस ओरडत असला तरी मला ओरडता येत नाही," चिमी म्हणाली.

मालकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. शिकवायचा परवाना हातात आला आणि चिमी कामावर रुजू झाली. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून बसायचं आणि घाबरलेल्या माणसांना रस्त्यावर न्यायचं, हे काम तिला असं काही मानवलं की संध्याकाळी ती शीळ घालत जिना चढायची. पूर्वी लोक फोनवर चिडून बोलायचे आणि तोंडही न दाखवता निघून जायचे. इथे तोच माणूस पहिल्यांदा चढावर गाडी चढवली की लहान मुलासारखा तिच्याकडे बघून हसायचा.

थोडक्यात, चिमी बरी झाली होती. हे डॉक्टरांना कळलं होतं, मालकांना कळलं होतं, रस्त्यावरच्या वाहतूक पोलिसाला कळलं होतं. कळलं नव्हतं ते ताईला. ताई तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होती. "हो गं," "तू म्हणशील तसं," "बस हं, मी करते." जन्मभर जिनं नाकावर माशी बसू दिली नाही ती बाई आता पाहुण्यांसारखी बोलायची. चिमी खोलीत शिरली की कुजबुज थांबायची आणि सगळे एकदम हवापाण्यावर बोलू लागायचे.

त्यात ती बुधवारची मालिका. एक दातांची डॉक्टर असते, ती एके दिवशी पेशंटचा जबडा उघडा ठेवून दवाखान्यातून चालू पडते, पार कोलमडते, आणि मग आइस्क्रीमची गाडी घेऊन गावभर हिंडते. म्हणजे आधी लोकांचे दात दुरुस्त करायची, आता किडवते. निम्मी हसवणारी, निम्मी रडवणारी. सगळं शहर बघत होतं आणि ताईही बघत होती, फक्त चोरून. चिमीची पावलं वाजली की ताई भाऊजींना कोपरानं ढोसायची आणि भाऊजी रिमोट दाबून मत्स्यपालनाच्या कार्यक्रमावर जायचे. तळ्यातल्या माशांना काय खाऊ घालावं हे त्या घरात आता सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. चिमी काही दुधखुळी नव्हती. एक शिकाऊ उतरून दुसरा येईपर्यंत गाडीत बसून ती तीच मालिका फोनवर बघायची, आणि एखादा प्रसंग डोक्यात गेला की इकडेतिकडे बघायची. भांडायला शेजारी कुणी नसायचं. तेव्हा तिला फार एकटं वाटायचं.

म्हणून तिनं कळ काढायला सुरुवात केली. भाजीत मूठभर मीठ घातलं. ताईनं दोन ग्लास पाणी पिऊन भाजी संपवली आणि म्हणाली, "छान झालीय." पलंगावर ओला टॉवेल टाकला. ताईनं तो उचलून दोरीवर घातला. ताईचा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, तर ताई गारेगार चष्मा नाकावर चढवत म्हणाली, "माझंच मेलीचं लक्ष नसतं." पूर्वी यातल्या एकेका गुन्ह्याला आठवडाभर शिक्षा झाली असती. चिमी मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मालकांचा एक नियम होता. नात्यातल्या माणसाला कुणी शिकवायचं नाही. कारण साधं होतं. नवरा बायकोला शिकवो, मुलगी बापाला शिकवो, दुसऱ्या गिअरला पोहोचेपर्यंत तोंडाला तोंड लागलेलं असतंच. एक जोडपं तर चालत्या शिकवणीतून उतरून थेट वकिलाकडे गेलं होतं. चिमीनं हे ऐकलं आणि तिचे डोळे चमकले. भाऊजींना डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलीच होती, घरची गाडी धूळ खात उभी होती. तिनं ताईला विचारलं, "गाडी शिकतेस? मी शिकवते."

ताईला गाडीची भयंकर भीती. पूर्वी ती म्हणाली असती, "तुझ्या शेजारी बसण्यापेक्षा मी बैलावर बसेन." आता तिनं आवंढा गिळला आणि म्हणाली, "तू म्हणशील तसं."

मालकांच्या हातापाया पडून चिमीनं एका बुधवारी दुपारनंतरची वेळ मिळवली. ताईची पाचावर धारण बसली होती, पण चेहऱ्यावर पाहुणीचं हसू. चिमीनं ठरवून टाकलं होतं की जगातली सगळ्यात खडूस मास्तरीण व्हायचं. "ताई, आरसा कशाला दिलाय? केस बघायला?" "हो गं, चुकलंच." "ताई, स्टिअरिंग आहे ते, कणीक नाही." "बरं गं." चिमीच्या ठेवणीतले सगळे टोमणे संपत आले आणि गाडी मोठ्या चौकातल्या सर्कलला लागली. तिथे ताईचा पाय क्लचवरून निसटला, गाडीनं एक उचकी दिली आणि बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला.

"एक गोष्ट धड येईल तर शपथ," चिमी म्हणाली.

"माझ्यामुळे तुला त्रास," ताई हळूच म्हणाली.

चिमीनं कपाळाला हात लावला. आता तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. "ताई, ती दातवाली दवाखाना परत उघडणार का?"

"कोण दातवाली?"

"बुधवारची. आइस्क्रीमवाली. तुम्ही मासे लावून लपवता ती."

ताईचा चेहरा पांढरा पडला. "तू बघतेस?"

"पहिल्यापासून. आणि तुला सांगते, तिनं त्या दवाखान्याकडे आता ढुंकूनसुद्धा बघू नये."

मागचा ट्रक भोंगा वाजवत होता. ताईनं एकदा गिळलं, दोनदा गिळलं, आणि मग तिला राहवलं नाही. "डोकं फिरलंय का तुझं!"

शब्द सुटला आणि ताईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"फिरलं होतं," चिमी म्हणाली. "आता ठिकाणावर आहे. पुढे बोल."

"अगं, इतकी वर्षं शिकलेली बाई! हातात गुण आहे तिच्या! सगळं टाकून काय कोन भरत बसायचं?"

"का नाही बसायचं? तिला आवडतंय."

"तिला आवडतंय! तिला, तिला! आणि तिच्या बहिणीचं काय? ती बहीण बिचारी दारं ठोठावत फिरते, आणि ही एक फोन करत नाही. करता येत नव्हता एक फोन? जगभर मशिनं वाटत सुटलीस, परक्या माणसाला बोलवून बोलवून मशिनं दिलीस, आणि मला एक फोन केला नाहीस, चिमे! दोन गल्ल्या सोडून राहत होते मी!"

मालिका कुठल्या कुठे मागे राहिली होती. चिमीनं ताईला थांबवलं नाही.

"आणि करशील तरी कशाला?" ताईचा आवाज फुटला. "आदल्याच दिवशी मी फोनवर तुला वाटेल ते बोलले होते. त्या वकिलाच्या मालिकेवरून. बेअक्कल म्हणाले, फोन आपटला. आणि दुसऱ्या दिवशी तू टेबलाखाली. माझ्यामुळे झालं ते. म्हणून मी कानाला खडा लावला की पुन्हा या पोरीला दुखवायचं नाही."

वर्षभराचं ते गोड बोलणं, ती खारट भाजी, तो गार चष्मा, सगळं चिमीला एकदम कळलं.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवसांत मला जेवलेलं कळत नव्हतं, झोपलेलं कळत नव्हतं. तुझ्याशी भांडताना तेवढं मला मी जिवंत आहे असं वाटलं होतं. तू फोन आपटलास, तेव्हा वाईट वाटलं ते इतकंच की भांडण संपलं."

ताई रडली. चांगली हुंदके देऊन रडली, स्टिअरिंगवर डोकं टेकवून, त्यामुळे आता आमचाही हॉर्न वाजायला लागला असं चिमी नंतर रंगवून सांगते. मागचा ट्रकवाला खाली उतरून काचेपाशी आला. "काही मदत हवीय का, मावशी?"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

ताईनं पदरानं नाक पुसलं. मग तिच्या कपाळावर एक जुनी, ओळखीची आठी चढली. "मग मी वर्षभर तोंड शिवून बसले ते कशासाठी? आणि ते मीठ? ते मुद्दाम होतं?"

"मुद्दाम."

"टॉवेल?"

"तोही."

"चष्मा! बर्फासारखा चष्मा! थांब तू," ताई म्हणाली आणि गाडी सुरू केली, ती चक्क पहिल्या फटक्यात. त्यानंतर तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला त्याला वर्षभराचा साठा होता. कोणत्या रस्त्याला वळायचं हे सांगायला चिमीला मध्ये जागाच मिळेना, तेव्हा गाडी सर्कलभोवती फिरत राहिली. वाहतूक पोलिसानं तिसऱ्या फेरीला शिट्टी वाजवली, तर ताईनं त्यालाही दोन शब्द सुनावले. चिमी डोळे पुसत होती आणि वेड्यासारखी हसत होती.

घरी भाऊजी एकटेच टीव्हीसमोर बसले होते. मासे चालू होते. खालून जिन्यातून आवाज वर चढू लागले, एक म्हणत होती तिनं दवाखाना उघडायलाच हवा, दुसरी म्हणत होती तू अजून वकिलाच्याच काळात आहेस, आणि मध्येच कुणीतरी दाणकन पिशवी आपटली. भाऊजींनी मासे बंद केले, मालिका लावली आणि जुन्या सवयीनं तिचा आवाज पूर्ण घालवला. डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची वेळ अजून झाली नव्हती, तरी त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.