पॅराबोला म्हणजे बाजूला टाकणं

पोळा झाला की अकरावीला पॅराबोला येतो. दरवर्षी. मी पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवते, आणि तेव्हा वर्गातली कितीतरी पोरं डोक्याला पट्ट्या बांधून बसलेली असतात. कारण गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. पांढुर्णावाले तो काढायला धावतात, पलीकडचे सावरगाववाले दगड मारतात, मग हेही मारतात. माझं माहेर पांढुर्णा, सासर सावरगाव. म्हणजे एका काठावर धाकटा भाऊ, दुसऱ्यावर नवरा. शिकलेली माणसं आहेत हो दोघंही!

एका वर्षी पोरांना सांगावं म्हणून पॅराबोला या शब्दाचं मूळ शोधत बसले. ग्रीक निघाला. पहिला तुकडा म्हणजे शेजारी, बाजूला, दुसरा टाकण्याचा. रेषेशेजारी चौकोन टाकून मोजायची त्या लोकांची काही रीत होती, त्यावरून या वक्राला नाव पडलं. भिरकावलेल्या दगडाशी संबंध नाही. दगड हवेत त्याच वळणानं जातो, हे फार पुढे कळलं. रात्री जेवताना नवऱ्याला हे सांगितलं.

"बाजूला टाकणं?" तो हसला. "मंग मी बी तेच करून राहिलो ना! तुह्या भावाच्या बाजूलेच टाकतो."

भावाला फोनवर विचारलं, तर त्याचंही तेच. "ताई, मी काय भाऊजीवर नेम धरीन? बाजूले टाकतो ना."

मग लागतो कसा, बाप्पा? कोणत्याही काठावर कोणालाही विचारा, सगळे बाजूलाच टाकतात. या बोलण्याचा मला वीट आलाय. पोळ्याच्या दिवशी पुरण वाटतानाही माझं ध्यान उद्याच्या दवाखान्यात असतं.

गेल्या वर्षी भावाचा डावा डोळा गेला. दगड कोणाचा, त्या गर्दीत कोण सांगणार? नागपूरच्या दवाखान्यात नवरा त्याच्या उशाशी बसून लहान लेकरासारखा रडला. दोघांना मी शपथ घ्यायला लावली. माझ्या डोक्यावर हात ठेवून दोघंही म्हणाले, आता नदीवर पाय ठेवणार नाही. वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. एका डोळ्यावर निभावलं म्हटलं.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच भावाचा फोन आला. माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलला. नवऱ्यानं मोटरसायकल बाहेर काढली.

"कुठे चालले?" मी विचारलं.

"त्याले घ्याले," तो खाली पाहून म्हणाला. "एका डोळ्यानं त्याले गर्दीत गाडी जमत नाही ना. त्याले त्याच्या काठावर सोडतो, मंग मी येतो आपल्या काठावर."

भांडायचं होतं मला. शपथेची आठवण करून द्यायची होती, गाडीची चावी काढून घ्यायची होती. त्यानं पाण्याची बाटली मागितली. मी दोन भरून दिल्या.