वणीची की वहिनीची

भोंगेवाले चाचा बोलत नसत, जाहीर करत. ढाणकीत त्यांचं घर आमच्यापासून चौथं. पण चाचींकडे त्यांनी पाणी मागितलं की ते आमच्या आईला ऐकू येई, आणि तेही आधी "हॅलो, हॅलो" झाल्यावर. लग्नात त्यांचा भोंगा लिंबावर चढला की पैनगंगेपल्याडचे बैल औत थांबवून इकडे तोंड करून उभे राहत. मी वाढवून सांगतो असं ज्याला वाटेल, त्याने पल्याडच्या बैलांना विचारावं.

साठ सालाच्या आगेमागे आमच्याकडे वीज नव्हती. चाचांचा भोंगा बॅटरीवर चाले आणि तबकड्यांचं यंत्र चावीवर. तबकड्या होत्या अकरा. लोकांना वाटे चाळीस. कारण चाचा एकच तबकडी तीन तऱ्हांनी वाजवत. चावी गच्च भरून वेग वाढवला की गाणारी बाई बारा वर्षांची पोर होई, ते वरातीला. मध्यम ठेवला की बाई बाईच राही, ते पंगतीला. चावी उतरू दिली की त्याच बाईचा घोगरा बुवा होई. ते नवरी सासरी निघताना. "गानं एकच असते बापू," ते मला सांगत, "रडवाचं का नाचवाचं, ते चावीवर."

यंत्राचा त्यांना भारी अभिमान. "माणूस झूट बोलते. माही मशीन कधीच नाही," हे ते रोज एकदा तरी म्हणत, आणि त्यांच्या आवाजामुळे सगळं गाव ते रोज ऐके.

त्या अकरांत एक तबकडी हळदीच्या गाण्याची होती. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या तेच गाणं कुठल्याशा शहरातल्या बाईने पेटी-तबल्यावर म्हटलेलं. वर 'पारंपरिक' एवढंच छापलेलं. म्हणजे गाण्याचा बाप कोण, हे ती काढणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

माझ्या आक्काचं लग्न ठरलं वणीच्या मुलाशी. मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होतो. रजा काढून आलो. आक्काला चाचांनी लहानपणी खांद्यावर मिरवलेलं, त्यामुळे त्या सकाळी आनंदाच्या भरात त्यांनी चावी जरा जास्तच पिळली. नवरदेवाची उष्टी हळद घेऊन वणीची मंडळी जानोश्यातून, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं त्या घरातून, मांडवात आली, आक्काच्या एका गालाला हळद लागली, आणि लिंबावरून चिरका आवाज निघाला, "वणीची हळद पिवळी गं, लावा नवरीच्या कपाळी गं..."

नवरदेवाचे मामा कचेरीत कारकून. प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखं बोलत. ते ताडकन उठले. "ऐकलंत? वणीची! गाणं आमच्या गावचं आहे."

"वणीची?" आमचे काका गरजले. "तुमच्या वणीत कोळसा निघते मामासाहेब, हळद नाही! शब्द 'वहिनीची' आहे. चाचा, उतरवा चावी!"

चाचांनी वेग उतरवला. भोंग्यातून संथ, जाडाभरडा आवाज आला, "व-हि-नी-ची हळद..." आमच्या बाजूने टोप्या उडाल्या.

"ही बाई नाही, रेडा आहे!" मामा ओरडले. "भरा चावी!"

चावी भरली, वणी जिंकली. उतरवली, ढाणकी जिंकली. असं सतरा वेळा झालं. शेवटी मामांनी शिक्का मारला, "गाणं वणीचं आहे हे कबूल केल्याशिवाय नवरदेव जानोश्यातून उठणार नाही."

"नका उठू!" काका म्हणाले.

आक्का एका गालाला हळद लावून बसलेली, दुसरा गाल कोरा. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. तेव्हा चाचांनी तबकडी काढली आणि माइक हातात घेतला.

"हॅलो. माही मशीन झूट बोलते."

गाव हादरलं. चाचांनी नाक ओढलं. पण भोंगा चालूच होता, त्यामुळे तेही सगळ्यांना ऐकू आलं.

"तिले काय इचारता? ज्यायनं हे गानं जनमभर म्हनलं, त्यायले इचारा."

त्यांनी माइक आधी नवरदेवाच्या आजीपुढे धरला. म्हातारीने डोळे मिटून म्हटलं, "वहिनीची हळद पिवळी गं..."

"आजी! वणीची!" मामा कळवळले.

"काहून रे, माह्या लग्नात तू होता काय?"

आमचे लोक नाचायच्या बेतात होते, तोच माइक माझ्या आजीपुढे आला. तिने पदर सावरला आणि खणखणीत म्हटलं, "वणीची हळद पिवळी गं..."

काकांचा जबडा खाली आला. "माय, हे काय करून राह्यली?"

"मले माह्या सासूनं असंच शिकवलं. ते वणीची होती."

माझी पणजी पुसदची. काकांनी तेच सांगायला तोंड उघडलं, तोच वडिलांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

मग दोघी म्हाताऱ्या एका माइकवर गायल्या, आपापला शब्द न सोडता. चाचांनी लिंबावर चढून भोंग्याचं तोंड जानोश्याकडे फिरवलं. ते ऐकून नवरदेव मामांची परवानगी न घेता हळदीच्या अंगाने धावत मांडवात आला. मुहूर्तापेक्षा अर्धा तास आधी. असं लग्न जिल्ह्यात झालं नाही.

चाचांनी पुढे हळदीला ती तबकडी कधी लावली नाही. माइक बायकांपुढे सरकवत आणि बाजूला होत. ढाणकीतल्या किती सासवा-सुनांचा गळा पैनगंगेपल्याड पोचला असेल!

पुढे त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा मी भेटायला गेलो. म्हटलं, "चाचा, आमची आजी खोटं बोलली होती."

"मले मालूम आहे. वणीवाली बुढी बी कमी नाही. पहाटे मी जानोश्यात चहा द्याले गेलतो, तवा ते 'वणीची'च म्हनून राह्यलती."

मग मी वणीची ताजी बातमी दिली. मामा आता प्रत्येक लग्नात सांगतात की हे गाणं मूळचं ढाणकीचं, आणि हा शोध त्यांनी स्वतः लावला.

चाचा इतके हसले की खाटेची सुंभं सैल झाली. ती आमची शेवटची भेट. डोळे पुसत म्हणाले, "सांगू दे बापू. पोरगी तिथं सुखात आहे नं?"