एका ताटातला जंतू

आधीच माफी मागतो. नववीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच येतील. पण उल्हासनगरात पोटाच्या दवाखान्याच्या काउंटरवर बसलं की किस्से साचतात. मी फारसा बोलत नाही, म्हणून ते साचूनच राहतात.

आमच्याकडे पोटातल्या जंतूची टेस्ट होते. औषध प्यायचं आणि पिशवीत फुंकायचं. एकदा कापडदुकानवाले शेठ फुंकून दमले, तर त्यांच्या मुलानेच पिशवी फुगवून आणली. मी हळूच म्हटलं, असं चालत नाही. तो म्हणाला, "अरे भाई, बाप-बेटे का खून तो एक ही है!"

*

कुठे दुखतं विचारलं की मोठी माणसं छातीखाली अख्खा पंजा ठेवतात. लहान मुलं बेंबीवर बोट ठेवतात. एका पोराचा गुडघा फुटला होता. त्यानेही आधी बेंबीच दाखवली.

*

बदलापूरहून, शिरगावातून एक आबा अल्सर घेऊन आले. टेस्टमध्ये जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, हा बहुतेक लहानपणीच पोटात शिरतो. पोरांना बरेचदा काही जाणवतही नाही, मोठेपणी मात्र जखम करतो.

आबा म्हणाले, "म्हणजे माझ्याबरोबर शाळेत होता हा. मी चौथीत सोडली. तो तरी शिकला असेल."

पण उपचार संपेपर्यंत नातवाबरोबर एका ताटात जेवू नका म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. सहा वर्षांचा वेदू दात आल्यापासून त्यांच्याच ताटात जेवायचा. अल्सरचं आबांनी काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ताट परत एक कधी होणार?"

*

पुढच्याच आठवड्यात सूनबाई वेदूला घेऊन आल्या. बोट बेंबीवर! त्यांनी आबांची गोळी अर्धी करून त्याला दिली होती. पोरगं लहान, म्हणून गोळी अर्धी! डॉक्टर चिडलेच. मुलांचं औषध वेगळं, आणि त्यांना टेस्ट तरी लागते का, ते आधी बघावं लागतं.

मग डॉक्टरांनीच वेदूला जवळ घेऊन विचारलं. शाळेच्या संडासात पाल होती, म्हणून तो दिवसभर दाबून धरायचा. दुखण्यामागे जंतू नव्हता, पाल होती.

*

औषधं संपल्यावर काही आठवड्यांनी आबांनी परत फुंकलं. रिपोर्ट साफ! आबा हसत वेदूकडे वळले.

वेदूने हाताची घडी घातली. "मला वेगळंच ताट पाहिजे. आबा माझे बोंबील खातात."

आबांनी रिपोर्ट दुमडून खिशात घातला. डॉक्टर गंभीर होऊन म्हणाले, "वेदू, आबांचं एक औषध अजून राहिलंय. तुझ्याबरोबर एका ताटात जेवायचं."

वेदूने हाताची घडी सोडली.

"जेवणाआधी द्यायचं की जेवणानंतर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना. फोनवर बोलायची मला भीती वाटते, तरी ताट एक झालं का विचारायला लावला. आबांनी उचलला.

"नंतर कर रे," ते म्हणाले, "हा पोह्यातले शेंगदाणे संपवतोय."