परेराबाईंचं एगनॉग

जुन्या शाळेतल्या आम्ही चौघी शिक्षिका अजून भेटतो. भेटलो की कुणीतरी म्हणतं, "परेराबाईंचं ते अंड्याचं दूध आठवतं का गं?" आणि समोरचा चहा गार होतो. एका बाईच्या रागाचे इतके किस्से साठतील असं तेव्हा वाटलं नव्हतं. मुद्दाम कुणी साठवलेही नाहीत. त्या चिडत गेल्या आणि ढीग होत गेला.

आमची मुलींची शाळा गिरगावातली. रोझा परेराबाई गणित शिकवायच्या. शाळेमागच्या ख्रिश्चन वाडीत त्यांचं पिढीजात कौलारू घर. घरात बोलणं मराठी, भांडणही मराठी. नाताळची सुट्टी लागायच्या दिवशी त्या मोठी किटली भरून एगनॉग आणायच्या. दूध, अंडी, साखर, जायफळ. खरं तर त्यात ब्रँडी हवी. पण दारूबंदी होती, म्हणून त्या जायफळ दुप्पट घालायच्या आणि राहिलेली कसर सरकारला नावं ठेवून भरून काढायच्या.

*

मी नोकरीला लागले त्या पहिल्या डिसेंबरची गोष्ट. आमच्या टीचर्स रूममध्ये निम्म्या बायका अंड्याला न शिवणाऱ्या. म्हणून परेराबाईंनी किटली टेबलावर ठेवली आणि फळ्यावर खडूने ठळक लिहिलं, "यात अंडी आहेत."

संस्कृतच्या लेलेबाई तास संपवून आल्या. चष्मा वर्गात राहिला होता. त्यांनी पेला भरला, प्यायल्या, छान म्हणाल्या आणि दुसरा भरला. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत बसलो. तेवढ्यात शिपाई चष्मा घेऊन आला. लेलेबाईंनी तो डोळ्यांवर चढवला आणि फळा वाचला.

मला वाटलं, आता परेराबाईंचं काही खरं नाही. पण लेलेबाई आमच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "हिने निदान लिहिलं तरी. तुम्हा दहाजणींना वाचता येत होतं ना?"

महिनाभर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. परेराबाईंशी मात्र बोलायच्या.

*

आम्ही पाठारे प्रभू, राहायला फणसवाडीत. माझ्या घरी अंड्याचं वावडं नव्हतं. मी एगनॉग शिकायला परेराबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांनी बलक वेगळे केले, साखरेबरोबर फेसले आणि मला म्हणाल्या, "आता गरम दूध. धार धरून, थेंबाथेंबाने."

मला घाई. मी भांडं उपडं केलं. दोन मिनिटांत आत पिवळ्या गुठळ्या तरंगायला लागल्या.

परेराबाई ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्यांनी ती गोड भुर्जी ताटलीत काढली, चमचा माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या. "पायऱ्या गाळल्या की मी मुलींना शून्य देते," त्या म्हणाल्या. "तुला शून्य देऊन काय उपयोग? खा." मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. त्यानंतर माझं दूध कधी फुटलं नाही.

*

पुढच्या वर्षी कुणीतरी पोलिसांत चुगली केली की वाडीतली ख्रिश्चन बाई नाताळसाठी दारू करते. एक हवालदार थेट स्वयंपाकघरात शिरला. परेराबाईंनी त्याला कपाटं उघडून दाखवली, मोरी दाखवली, पलंगाखालची ट्रंक दाखवली. त्याला काही मिळेना. शेवटी त्याने चुलीवरच्या पातेल्यात हातातला दंडुका घालून ढवळून पाहिलं.

बारा अंड्यांचं दूध होतं ते.

परेराबाईंनी दाराला आतून कडी घातली. वही फाडून कागद आणि टाक त्याच्यापुढे ठेवला आणि मजकूर सांगितला, "दारू शोधायला आलो. दारू सापडली नाही. बारा अंडी नासवली." तो काकुळतीला आला, पण बाई दारातून हलेनात. त्याने लिहिलं. परेराबाईंनी तपासलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते लाल पेन्सिलीने दुरुस्त केलं आणि खाली सही घेतली. तो कागद पुढे कित्येक वर्षं त्यांच्या चुलीमागच्या भिंतीवर होता.

*

यापुढचं हसण्यासारखं नाही. मला अजून संताप येतो, आणि तो निम्मा स्वतःचाच.

मुंबई महाराष्ट्राला द्यायची की वेगळी ठेवायची, याचा वाद तेव्हा घराघरांत चालला होता. परेराबाई उघडपणे महाराष्ट्राच्या बाजूच्या. आमचे एक ट्रस्टी नाताळच्या आधी शाळेत आले. परेराबाईंनी त्यांना पेला दिला. त्यांनी घोट घेतला, कौतुक केलं आणि म्हणाले, "मुंबई सगळ्यांची आहे. या लोकांचा मराठीचा हट्ट समजू शकतो. पण तुमचा काय संबंध, बाई? तुम्ही तर बाहेरच्या."

परेराबाईंनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. म्हणाल्या, "आमच्या घरी नवरीला हळद लागते ती मराठी गाण्यांवर. माझी आई मेली तेव्हा मी मराठीत रडले. कुठून बाहेरची ते तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी शाळेने परेराबाईंकडे लेखी माफी मागितली. त्यांनी तीन वाक्यं लिहिली: "मी पाहुण्यांच्या हातातला पेला काढून घेतला. तसे करायला नको होते. मुळात द्यायलाच नको होता."

त्यांचे मॅट्रिकचे वर्ग काढून त्यांना पाचवीला पाठवलं. पंधरा वर्षं मॅट्रिकला गणित शिकवलेली बाई पाढे घेत बसली. आणि आम्ही दहाजणी टीचर्स रूममध्ये वह्या तपासत राहिलो. एकीनेही तोंड उघडलं नाही. मीही नाही.

*

आता शेवटचा किस्सा. हा सांगून झाला की आम्ही उठतो.

त्या पाचवीत कुसुम नावाची मुलगी होती. वडील छापखान्यात कंपोझिटर. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात ते होते. एक गोळी उजव्या हाताला लागली, दुसरीने जबडा फोडला. परळच्या हॉस्पिटलात ते पडून होते. चावता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दूध-अंडी जेवढी पोटात जातील तेवढी जाऊ द्या.

त्या वर्षी शाळेत एगनॉग आलं नाही. परेराबाई रोज सकाळी किटली मांडीवर घेऊन ट्रामने परळला जायच्या. मीही बरोबर असायचे. त्या खाटेशी बसून चमच्याने पाजायच्या. एक पेला संपायला तास लागायचा. सांडलेलं पुसताना त्यांचा हात हळू असायचा, पण तोंडाने त्या सारख्या शिव्या पुटपुटत असायच्या. गोळ्या झाडणाऱ्याला, झाडायला सांगणाऱ्याला, वॉर्डातल्या ढेकणांना. नाताळच्या दिवशीही त्या चर्चमधून परस्पर तिथेच आल्या.

सुट्टी संपता संपता हाताचं बँडेज निघालं. कुसुमने आपली पाटी आणली आणि वडिलांच्या बोटांत पेन्सिल दिली. कुसुमची आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. महिन्याहून जास्त दिवसांनी माणूस काही सांगणार होता. त्यांनी बराच वेळ लावून लिहिलं आणि पाटी परेराबाईंकडे वळवली.

"साखर कमी."

परेराबाई उठून उभ्या राहिल्या. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इतके दिवस मुकाट गिळलंत. तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

कुसुमच्या वडिलांनी पाटी जवळ ओढली, तळहाताने पुसली आणि पुन्हा लिहिलं.

"तोंड नव्हतं."