झकास हाय

काहीही विचारा, मामा उजवा तळवा वर करून म्हणायचे, “झकास हाय, ताई!” नळाला पाणी आलं का? झकास हाय. मामी जाऊन किती वर्षं झाली? झकास हाय.

लालबागच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. ब्याऐंशीच्या संपापर्यंत कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, नंतर मिळेल ते काम केलं. मुलगा अँटॉप हिलला सरकारी क्वार्टरमध्ये. बापाचं डोकं चळलंय, गावाकडच्या वृद्धाश्रमात ठेवू, असं त्याने ठरवलं. चाळीखालच्या डॉक्टरांनीही मान वर न करता ‘विसरभोळेपणा’ लिहून दिलं होतं.

मला पटेना. विसरभोळा माणूस माझ्या कुंड्यांना न चुकता पाणी घालेल?

खास म्हाताऱ्यांचे डॉक्टर असतात, असं ऑफिसात कळलं. शोधायला लागले, तर केमिस्ट हसला, “म्हातारपणावर कसला आलाय डॉक्टर, बाई?” शेवटी शीवला एक डॉक्टरीणबाई सापडल्या. मुलाला बजावलं, “त्या सांगतील तसं करू. तोवर घाई नको.”

बाईंनी खुर्ची ओढून मामांच्या पुढ्यात घेतली. सावकाश विचारलं, “काका, कुठल्या खात्यात होतात?”

“साचेखात्यात. चार साचं बघायचो!”

मग मामा थांबेचनात. आजचा वार, नातवंडांची नावं, सगळं बरोबर.

“डोकं शाबूत आहे,” बाई म्हणाल्या. “कान गेलेत. ओठ वाचतात हे.”

साच्यांच्या खडखडाटात माणसं नुसत्या ओठांनी बोलत, हे लालबागेत कोणाला ठाऊक नाही? मलाही होतं. तरी आम्ही सगळे मामांशी जाता जाता, पाठ वळवून बोलत आलो होतो.

“सांगायचं नाही का, मामा?” मी समोर उभी राहून ओरडले.

“कुनाला? समोर उभं ऱ्हाऊन बोलनारं समदं गेलं की.”

वृद्धाश्रम टळला. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून मामांनी डब्यात ठेवून दिलं. रोज मी त्यांच्या दाराशी दोन मिनिटं थांबायची. दोनच, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात ते मुद्दाम आवाज न काढता बोलत आणि मला ओठ वाचायला लावत.

शेवटच्या दिवशी ते अतिदक्षता विभागात होते. काचेबाहेर सगळ्यांचे नातेवाईक नुसते हात हलवत होते. मामांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि मुलाकडे बघून ओठ हलवले.

मुलगा माझ्याकडे वळला. “काय म्हणाले?”

“जेवलास का, विचारतायत.”

त्याने घाईघाईने होकारार्थी मान हलवली. पण नर्स मध्ये आली होती, मास्क परत चढवत.