दोन रिंगा

यवतमाळात ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका एजन्सीत मी काउंटरवर बसते. दिवसभर फोन उचलून संध्याकाळपर्यंत कान तापतो आणि डोके चालेनासे होते. त्या सगळ्या फोनांत मला हवा असायचा एकच, आणि नेमका तोच उचलायचा नसायचा.

वडील गेल्यापासून आई आर्णीला एकटी राहते. मोबाइलच्या काचेवरचे आकडे तिला दिसत नाहीत, पण घरच्या जुन्या फोनची बटणे बोटांना पाठ आहेत. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती एजन्सीत फोन लावायची, दोन रिंगा होऊ द्यायची आणि ठेवून द्यायची. म्हणजे ती बरी आहे. मी उचलला नाही, की पोरगीही बरी आहे हे तिला कळायचे. उचलायचा तो फक्त काही वाईट सांगायचे असेल तर. फोन महाग होता तेव्हाची ही सोय. स्वस्त झाला तरी सुटली नाही.

मग मालकांना इंटरनेटवरच्या फोनची हौस आली. नंबर जुनाच राहिला, तार गेली, भिंतीवर एक डबा आला. बसवायला आलेल्या माणसाने समजावले, आवाजाचे बारीक तुकडे होऊन इंटरनेटवरून जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. माझेही रोज तुकडेच होतात, जुळवायला मात्र कुणी येत नाही. शिवाय आता पहिल्याच रिंगला रेकॉर्ड केलेली एक बाई फोन उचलणार, स्वागत करणार, नव्या मालासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा म्हणणार. गिऱ्हाइकाने आकडा दाबला तरच माझ्या टेबलावर वाजणार. मला तर बरेच वाटले. तेवढाच जिवाला आराम.

डबा बसला त्याच संध्याकाळी सहा वाजून गेले, साडेसहा झाले, आईच्या रिंगा काही आल्या नाहीत. मी घरी लावला तर लागेना. घरचा फोनही आता तसल्याच डब्यावर चालतो. आर्णीची लाइट गेली की डबा बंद आणि फोन मुका. हे सगळे ठाऊक असूनही राहवेना. पाय भरून आले होते, तरी मिळाली ती बस धरली.

लाइट गेलेलीच होती, आई दारात कंदील घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून उठलीसुद्धा नाही.

"तू काहून आली वं?"

"तुया फोन नाही आला म्हणून."

"केला ना! पहिल्याच घंटीले एका बाईनं उचलला. मी म्हणलं, बाई, माह्या पोरीले सांगजा, आई बरी हाय. सांगतलं नाही का तिनं?"

हसावे की रडावे, मला कळेना. "आई, बाई नाही ते. मशीन हाय."

"मशीन कायले इतकं गोड बोलते?" ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या डबेवाल्या माणसाच्या मागे लागले. आईच्या नंबरवरून आलेला फोन बाईकडे न जाता थेट माझ्या टेबलावर वाजेल, असे त्याने करून दिले. सहाला दोन रिंगा आल्या. मी हात न लावता त्या ऐकल्या आणि जीव भांड्यात पडला.

त्यानंतरच्या रविवारी घरी गेले. भाजी वाढता वाढता आईने विचारले, "त्या बाईले काढून टाकलं का तुमी?"

"तुयासाठीच काढलं. काहून?"

"काही नाही. बोलत तं होती बिचारी. तू तं उचलतच नाही."

इतकी वर्षे मी फक्त रिंगा मोजत आले. पलीकडे ती रिसीव्हर कानाला लावून बसलेली असते, हे माझ्या दमलेल्या डोक्यात कधी शिरलेच नव्हते. फार वाईट वाटले.

सोमवारी सहाला पहिली रिंग झाली आणि मी रिसीव्हर उचलला. "आई," म्हटले.

पलीकडून काहीच नाही. मला वाटले, नेट गेले. मग तिचा श्वास ऐकू आला आणि मागोमाग घाबरलेला आवाज.

"काय झालं वं पोरी?"